वाचनपरीक्षेतील चूक आणि सीमेवरील बोली

दुसरीच्या वर्गात वाचनपरीक्षा चालू होती. चित्रातील मुलगा काय करतो आहे, या प्रश्नास एका मुलीने तत्काळ उत्तर दिले, ‘खेळाय लागलाय.’ शिक्षिकाबाईंनी त्यापुढे फुली मारली, कारण अपेक्षित उत्तर ‘खेळत आहे’ असे होते. सायंकाळी तो तक्ता मजपुढे आला व मीही त्यावर निमूटपणे सही केली. मुलीचे उत्तर बरोबर होते आणि तपासणी चुकली होती, हे ध्यानी यावयास मला काही दिवस लागले. तोवर ती मुलगी वर्गात बोलेनाशी झाली होती.

प्रमाण मराठीत ‘खेळायला लागला’ म्हणजे खेळास आरंभ केला. बेळगाव-निपाणीकडे मात्र याच रचनेने चालू क्रिया दाखविली जाते. उत्तर कर्नाटकातील कन्नडात ‘माडाक हत्यान’ हे शब्दशः ‘करावयास लागला आहे’. अर्थ, ‘करीत आहे’. दोन शेजारी भाषा एकाच साच्यात कशा ओतल्या जातात, त्याचे हे उदाहरण होय. सांगलीजवळच्या कुपवाड गावातील मराठी, कन्नड व उर्दू बोलींचा अभ्यास जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची घडण बहुतांशी एक झाली, असे त्यांस आढळले. आमच्या मुलांची भाषा याच घडणीची आहे. तीस अशुद्ध म्हणणे हा अज्ञानाचा प्रकार होय.

कॅम्पात तर हा प्रश्न अधिकच गुंततो. येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने सातारा-कोकणाकडील जवानांची मुले येतात. त्यांच्याच बाकावर घरी कन्नड अथवा दखनी बोलणारी मुले बसतात. कन्नड घरातील मूल ‘चाक’ वाचताना ‘चहा’तला च उच्चारते. त्याने अक्षर ओळखले, शब्दही त्यास कळला. उच्चार तेवढा घरचा. याउलट ‘पान’ या शब्दास ‘पाणी’ वाचणारे मूल खरोखरच अडलेले असते, आणि साहाय्य त्यास हवे. एकाच लाल फुलीखाली दोघे आले, तर शिक्षकाने शिकवावे काय?

वेगाच्या मापाविषयीही थोडे बोलले पाहिजे. २०२१ च्या निपुण भारत योजनेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य आहे. परंतु हिंदीत ‘घर के पास के’ हे चार शब्द होतात, मराठीत ‘घराजवळच्या’ हा एकच. घड्याळ हाती घेणाऱ्याने एवढे तरी स्मरणात ठेवावे.

फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांनी आधी त्या गावच्या बोलीतील भेदांचा अभ्यास केला व पुढे मुलांस वाचावयास शिकविण्याचे काम अंगावर घेतले. तेथील कमला निंबकर बालभवन १९८६ चे. आधी कान, मग पुस्तक, हा त्यांचा क्रम मला मोलाचा वाटला. आमच्या शिक्षकखोलीत आता एक वही असते. मुलांची न कळलेली वाक्ये शिक्षक त्यात जशीच्या तशी उतरतात आणि शनिवारी त्यांवर बोलतात. तक्त्यात वाचनातील चूक, बोलीचे रूप व अर्थबोध यांची घरे वेगळी केली आहेत.

आमच्या एका ज्येष्ठ गुरुजींनी यास हरकत घेतली. “दहावीचा परीक्षक ‘लागलाय’ला गुण देईल काय, सर?” हरकत रास्त होती. म्हणून चौथीपासून लेखनात दोन्ही रूपे फळ्यावर शेजारी-शेजारी मांडतो आणि कोणते कोठे लिहावयाचे, ते मुलांकडूनच काढून घेतो. गुरुजींचे समाधान पुरते झालेले नाही. मात्र वहीत सर्वांत अधिक नोंदी त्यांच्याच आहेत.

त्या मुलीची परीक्षा महिन्याने पुन्हा घेतली. तिने उतारा थांबतथांबत वाचला आणि गोष्ट स्वतःच्या बोलीत सबंध सांगितली. अर्थबोधाच्या घरात बाईंनी पूर्ण गुण लिहिले. खाली माझी सही आहे.