बारा मेची पुण्यतिथी

मे महिन्यात प्रागला जाणाऱ्याने किल्ला आणि चार्ल्स पूल यांच्याबरोबर एक तारीखही ध्यानात ठेवावी : १२ मे. १८८४ साली या दिवशी बेद्रझिख स्मेताना हा संगीतकार प्रागमधल्या मनोरुग्णालयात वारला. ‘प्राग स्प्रिंग’ हा संगीत महोत्सव दरवर्षी त्याच दिवशी सुरू होतो. पुण्यतिथीचा उत्सव आपल्याला नवा नाही. सवाई गंधर्व महोत्सवही भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थच सुरू केला. म्हणूनच मी मुद्दाम ही तारीख साधली.

सकाळी व्हिशेह्रादच्या टेकडीवर स्मेतानाची कबर पाहिली. संध्याकाळी स्मेताना सभागृहात पोहोचलो. याच इमारतीत २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे स्वातंत्र्य घोषित झाले होते. राष्ट्रगीत झाले आणि ‘माझा देश’ ही सहा भागांची रचना सुरू झाली. १९५२पासून महोत्सवाचा आरंभ हिनेच करण्याचा प्रघात आहे.

स्मेतानाचे शिक्षण जर्मनमध्ये झाले. चेक भाषेत नीट लिहायला तो प्रौढपणी शिकला. १८७४च्या ऑक्टोबरात त्याची श्रवणशक्ती पूर्ण गेली. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत त्याने ‘व्लतावा’ हा नदीवरचा भाग लिहिला. १८८२ साली सहाही भाग सलग वाजले, तेव्हा तो हजर होता. पण त्याला त्यातला एक स्वरही ऐकू आला नाही.

पुढे ही रचना कोणी आपली म्हटली नाही? नाझी अंमल संपल्यावर वर्षभरात, १९४६ साली, महोत्सव सुरू झाला. तेव्हा चेक फिलहार्मोनिकचा मुख्य संचालक होता राफाएल कुबेलिक. १९४८ साली कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि त्याने देश सोडला. महोत्सव मात्र चालू राहिला. ज्या राजवटीमुळे कुबेलिक परागंदा झाला, तीही दरवर्षी ‘माझा देश’च वाजवून घेत होती. ती कोसळल्यावर १९९०च्या मे महिन्यात, बेचाळीस वर्षांनी, कुबेलिक परतला आणि त्याने प्रारंभीच्या मैफलीत हीच रचना सादर केली. स्वरलिपीत एका अक्षराचाही फरक नव्हता. फरक होता तो ऐकणाऱ्यांत.

मला वाटते, अशा उत्सवांचे मर्म इथे आहे. शब्द नसलेले संगीत कुणाची बाजू घेत नाही, म्हणून सत्ताधारी ते सहज वापरू शकतात. पण त्याच कारणाने ते त्यांच्या ताब्यात राहतही नाही. चाळीस वर्षे सरकारी कार्यक्रम म्हणून ऐकलेले संगीत लोकांनी एका संध्याकाळी परत घेतले.

‘व्लतावा’ सुरू झाले. बासऱ्यांतून एक झरा निघाला, क्लॅरिनेटमधून दुसरा, आणि त्यांची नदी झाली. मला नदीच ऐकू आली. शेजारचे वृद्ध गृहस्थ डोळे मिटून बसले होते. त्यांना कोणते साल ऐकू येत होते, हे विचारायचा धीर मला झाला नाही.