क्रोकोडाईल नदीपलीकडचं रान



गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात आपले काही संचालक, काही सभासद आणि शेतकी खात्यातले आम्ही असे ऊसशेतीच्या अभ्यासदौऱ्यासाठी दक्षिण आफ्रिकेत जाऊन आलो. तिथल्या ठिबक सिंचनाची आणि ऊसतोडणीची माहिती गटवार बैठकांतून दिलीच आहे. पण प्रत्येक बैठकीच्या शेवटी कोणीतरी उठून विचारतंच, "साहेब, ते राहू द्या. सिंह बघितला का?"

बघितला. त्याची हकिगत सांगतो, आणि त्या रानात पाण्याची एक गोष्ट कळली, तीही सांगतो.

जोहान्सबर्ग शहराच्या पूर्वेला पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास मालेलाने नावाचं गाव आहे. चहूकडे ऊसच ऊस. साखर कारखाना आहे. तिकडचा गळीत हंगाम एप्रिलला सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो, त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा तोडणी ऐन भरात होती. गावाच्या उत्तरेला क्रोकोडाईल, म्हणजे मगरींची नदी. नदीच्या अलीकडे ऊस आणि पलीकडे जगप्रसिद्ध क्रूगर नॅशनल पार्क. मध्ये पाणी आणि तारेचं कुंपण, एवढीच आडकाठी. रात्री पाणघोडे चरायला नदीतून वर येतात. कुंपणाला भगदाड सापडलं की थेट उसात. कधी हत्तीही येतात. हे ऐकून आमच्यातले एक बुजुर्ग सभासद म्हणाले, "आपली रानडुकरं परवडली म्हणायची!"

हे रान किती मोठं? सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर. दक्षिणेला क्रोकोडाईल, उत्तरेला लिंपोपो नदी. मधलं अंतर साडेतीनशे किलोमीटर. पुण्याहून निघून बेळगाव गाठावं, आणि सारी वाट जंगलातून असावी, असा तो प्रकार. १८९८ साली यातला थोडा भाग शिकारबंदी करून राखला गेला. १९०२ साली स्टीव्हन्सन-हॅमिल्टन नावाचे अधिकारी पहिले रक्षक म्हणून आले आणि १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालं.

पहाटे सहाला फाटक उघडलं आणि पूल ओलांडून आत शिरलो. शिस्त कडक. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर गाडी न्यायची नाही आणि ठरलेल्या जागेखेरीज खाली पाय टाकायचा नाही. आम्हा शेतकी खात्याच्या माणसांना हेच जड गेलं, कारण माती दिसली की हातात घेऊन बघायची सवय! पण गाडीतूनही जमिनीचा फरक ओळखू येत होता. पश्चिमेच्या बाजूला ग्रॅनाईटचा खडक, मोठमोठे गोल धोंडे, माती रेताड आणि हलकी. पूर्वेकडे मात्र बेसाल्ट, म्हणजे आपलाच काळा पाषाण, आणि त्यावरची काळी चिकण जमीन. पाहून घरी आल्यासारखं वाटलं. या काळ्या रानातलं गवत सकस, म्हणून झेब्रे आणि विल्डबीस्ट यांचे कळप तिथेच जास्त. विल्डबीस्ट म्हणजे तोंड गाईचं, आयाळ घोड्याची, असं एक जनावर. कळप तिथे सिंह, हे ओघानंच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेला झाडाच्या सावलीत चार सिंहिणी आणि एक सिंह पडलेले दिसले. पोटं तट्ट भरलेली. आमच्या गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. साबी नदीच्या काठी हत्तींचा कळप पाण्यावर आला, तेव्हा मधल्या पिल्लांना चारी बाजूंनी आयांनी झाकून घेतलं होतं. एक मोठा हत्ती दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी पितो. जिराफ, गेंडा, मगरी, रानरेडे, सगळं पाहिलं.

उत्तरेकडे जावं तसा पाऊस कमी होत जातो. वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर. तिकडे मोपाने नावाची झाडं मैलोन् मैल. पान थेट आपल्या आपट्यासारखं, दोन पाकळ्यांचं. तिथेच एका जागी सिमेंटची कोरडी कुंडी दिसली. बोअर बंद, पंप काढून नेलेला. आम्ही वाटाड्याला विचारलं, "एवढ्या कोरड्या रानात पाणी असताना बंद का केलं?" त्यावर त्याने जे सांगितलं ती ही गोष्ट.

दुष्काळात जनावरं तडफडू नयेत म्हणून १९३० च्या दशकापासून उद्यानात बोअर मारायला सुरुवात झाली. पुढे अशा बोअरची संख्या तीनशेच्या वर गेली. शिवाय बंधारेही बांधले. हेतू चांगलाच होता. पण उत्तरेच्या कोरड्या माळावर रोन नावाचं एक मोठं हरीण राहत होतं, आपल्या नीलगाईएवढं. त्याला उंच गवत लागतं, कारण त्याची पाडसं गवतात लपतात. बारमाही पाणी झालं तसे झेब्रे तिथे मुक्कामालाच आले. त्यांनी गवत खाऊन खुरटं केलं. झेब्र्यांच्या मागे सिंह आले. त्यात १९९१-९२ चा मोठा दुष्काळ पडला. १९८६ साली साडेचारशेच्या आसपास असलेली रोन हरणं १९९३ पर्यंत पन्नाशीच्या आत आली. मग अधिकाऱ्यांनी चूक कबूल केली आणि १९९४ पासून पाणवठे बंद करायला घेतले. निम्म्याहून जास्त बंद झाले. झेब्रे हटले, पण रोन काही पहिल्यासारखी वाढली नाहीत. आम्हाला तीन दिवसांत एकही दिसलं नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उद्यानातल्या मोठ्या नद्या पश्चिमेकडून शेती, खाणी आणि गावं यांच्यामधून येतात. वरच उपसा वाढला आणि लेटाबासारखी बारमाही नदी कोरड्या महिन्यांत आटू लागली. २००५ साली ओलिफांट्स नदीचाही प्रवाह थांबला. एकीकडे रानात नको तिथे पाणी, दुसरीकडे नदीत हवं तिथे पाणी नाही! १९९८ साली त्या देशानं पाण्याचा नवा कायदा केला. माणसांच्या प्राथमिक गरजेचं आणि नदी जिवंत राहण्यापुरतं पाणी आधी राखायचं, शेती आणि कारखान्यांची वाटणी त्यानंतर. अंमलबजावणी सोपी नाही, पण नदीचा हक्क कागदावर तरी आला.

हे ऐकताना आमची मान खाली गेली. वीस वर्षांपूर्वी आम्ही नोकरीला नवीन होतो, तेव्हा नदीकाठच्या एका गावात उपसा योजनेचं पाणी आलं. लोक आनंदात होते. आम्हीच बांधावर उभं राहून सांगितलं, "आहे तोवर भरपूर द्या." सात-आठ वर्षांत जमिनीवर पांढरा थर आला. उसाचे फुटवे कमी झाले आणि काही प्लॉट तर चोपण होऊन पडून राहिले. हेतू आमचाही चांगलाच होता. पण ज्याची जमीन गेली त्याला हेतूचं काय करायचं? त्यातल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला कधी शब्दानं दुखावलं नाही. रस्त्यात भेटला की चहाला नेतो. तेच जास्त लागतं.

सिंह पाहून आलो त्याचा आनंद आहे. पण त्या कोरड्या कुंडीपाशी जे कळलं ते बांधावर पोचवणं हे आमचं काम आहे. तरी सभासद बंधु-भगिनींनी पाळी आली म्हणून पाणी न देता वाफसा पाहून पाणी द्यावं. ज्यांच्या रानात पांढरा थर दिसू लागला असेल त्यांनी पुढच्या लागणीची वाट न पाहता गट ऑफिसला कळवावं. माती तपासू आणि निचऱ्याचे चर कुठून काढायचे ते आम्ही स्वतः येऊन पाहू.

— ऊस विकास अधिकारी