लग्नाचा अल्बम: छपाई कोणती निवडाल?

डहाणू-तलासरीतल्या वारली घरच्या लग्नाचा अल्बम हा कुठल्याही छपाईचा कस पाहणारा. गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने लिहिलेला लग्नचौक, मधोमध पालघट देवी आणि समोर हळद लागलेली नवरी. गडद तांबूस रंग, बारीक पांढऱ्या रेषा आणि हळदीच्या हलक्या छटा एकाच फोटोत येतात.

फोटो लॅबमधली मुरलेली पद्धत सिल्व्हर हॅलाइडची. कागदावरच्या प्रकाशसंवेदी थरांवर लेसर किंवा एलईडीने चित्र उमटवून तो रसायनांत धुतात. चांदी निघून जाते, रंग उरतो. ठिपके नसल्याने हळदीचा पिवळा गालावरच्या सावलीत अलगद मिसळतो. कागद रोलवर असल्याने बारा बाय छत्तीस इंचांचं शीट सलग निघतं. मात्र प्रिंट एका बाजूलाच. पानं पाठीला पाठ चिकटवली की अल्बम जाड आणि जड होतो.

इंडिगोसारख्या डिजिटल प्रेसमध्ये रंग बारीक ठिपक्यांनी बसतो, कागदाच्या दोन्ही बाजूंना. अल्बम सडपातळ होतो, अक्षरं रेखीव येतात, जादा प्रतीही सोयीच्या पडतात. चौकातली पांढरी रेघ इथे शाई न लागलेला कोरा कागद असते. आजूबाजूचा गेरू मात्र दोन-तीन शाया एकमेकींवर चढवून तयार होतो. त्यातली एक जराशी सरकली, तरी रेघेला रंगीत कड दिसते. भिंग लावून पाहा.

पिगमेंट शाईचा इंकजेट प्रिंट चांगल्या कागदावर सर्वांत टिकाऊ, पण महाग. भिंतीवर लावायच्या एखाद्या मोठ्या फोटोसाठी तो घ्यावा.

किनाऱ्यावरच्या डहाणूत ओलाव्याचाही विचार हवा. सिल्व्हर हॅलाइड कागदावर जिलेटिन असतं. ते दमट हवेत फुगतं, पानं एकमेकांना चिकटतात, बुरशी धरते. म्हणून लॅमिनेशन करून घ्यावं. प्रेसच्या पानालाही ते लागतंच, नाहीतर घडीवर शाई तडकते. पावसाळ्यात अल्बम ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

फोटोग्राफर आधी कव्हरचे नमुने पुढे करील. त्याआधी चौकाचा आणि हळदीचा एकेक फोटो सिल्व्हर हॅलाइड आणि प्रेस अशा दोन्ही पद्धतींनी छापून मागा आणि दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहा. कव्हर मग ठरवता येईल.