शून्य नंबरचं कार्ड

बेअरिंग बिघडलंय का, हे बघायला जुना फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या बाहेरच्या पोलादी कवचावर टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. छत्तीसगडमधलं भिलई हे कारखान्याभोवती वाढलेलं गाव. १९५५ च्या सोव्हिएत करारातून इथे पोलादाचा कारखाना आला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशा गावात यंत्राला कान लावणं यात नवल काही नाही. आता भिलई-दुर्गमधल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याला हेच काम लॅपटॉपवर करता येतं. त्यासाठी कंपनाची वीज करणारी एक पिझो चकती लागते, एक स्वस्त यूएसबी साउंड कार्ड लागतं, आणि पडद्यावरचे ठोकळे तारांनी जोडून प्रोग्राम करता येईल असं सॉफ्टवेअर लागतं.

अशी सॉफ्टवेअर बरीच आहेत. लॅबव्ह्यू १९८६ साली मॅकिंटॉशवर आलं आणि पुढे प्रयोगशाळांमध्ये रुळलं. मिलर पकेट यांनी नव्वदच्या दशकात लिहिलेलं प्युअर डेटा संगीतवाल्यांचं, आणि फुकट. दोन्हींत ओळींचा कोड जवळपास लिहावाच लागत नाही. आवाज आत घेणारा ठोकळा, वारंवारता मोजणारा ठोकळा, आलेख काढणारा ठोकळा ठेवायचा आणि मध्ये तारा ओढायच्या.

मग प्रोग्राम चालू होतो, पडद्यावर रेष थरथरते, सगळे खूश. पण बेअरिंगवर टिचकी मारली तर रेष ढिम्म. शेजारचा खोकला की मात्र उसळते! म्हणजे प्रोग्राम पिझो चकतीचं ऐकतच नाहीये, लॅपटॉपच्या पोटातल्या माइकचं ऐकतोय.

चूक तारांच्या जोडणीत नसते. आवाज आत घेणाऱ्या ठोकळ्याला कोणत्या कार्डाकडून घ्यायचा हे सांगावं लागतं. लॅबव्ह्यूत ते एका आकड्याने सांगतात आणि काहीच सांगितलं नाही तर शून्य धरला जातो. आजच्या लॅपटॉपला एकच साउंड कार्ड कुठे असतं? अंगचं एक, टीव्हीला जोडायच्या एचडीएमआयचं दुसरं, वेबकॅमचं तिसरं, ब्लूटूथ हेडफोनचं चौथं, आणि आपण खोचलेलं शेवटचं. ही सगळी मंडळी संगणक ज्या क्रमाने ओळखतो त्या क्रमाने त्यांना नंबर पडतात. लिनक्सवर तर कधी एचडीएमआयच शून्य नंबर पटकावतं, आणि तिथे आवाज आत यायची सोयच नसते. काल १ नंबरला असलेलं कार्ड आज लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर २ नंबरला गेलेलं दिसतं. प्रोग्राम मात्र १ नंबरच मागत बसतो.

म्हणून कार्ड नंबराने निवडू नये, नावाने निवडावं. प्युअर डेटा सुरू करतानाच उपकरणाचं नाव देता येतं. लिनक्सवर कार्डाच्या नंबराऐवजी त्याचं नाव लिहिलेलं चालतं. विंडोजच्या जुन्या ध्वनिप्रणालीत मात्र नाव ३१ अक्षरांवर तोडलं जातं, त्यामुळे लांब नावांची दोन कार्डं यादीत हुबेहूब एकसारखी दिसू शकतात. त्यात ती एकाच कंपनीची, एकाच दुकानातली असतील तर नाव पुरतं असूनही उपयोग नाही. तेव्हा लिनक्सवर कार्ड कोणत्या यूएसबी भोकात आहे यावरून नियम लिहितात. भिलईच्या टाऊनशिपमध्ये सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर सांगितला की राहणारा बदलला तरी घर सापडतं, तसंच हे. अट एवढीच, की कार्ड दर वेळी त्याच भोकात खोचायचं.

कार्ड सापडलं तरी विंडोजची एक आगाऊ सेवा उरते. बोलणं स्पष्ट ऐकू यावं म्हणून काही ड्रायव्हर मागची एकसुरी घरघर पुसून टाकतात. व्हिडिओ कॉलला हे उत्तम. पण बेअरिंग तपासताना ती घरघर हाच तर पुरावा! ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन या सगळ्या सुधारणा आणि आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय आधी बंद करावी. ब्लूटूथचा माइक तर या कामाला घेऊच नये, तो बहुधा आवाज टेलिफोनच्या दर्जावर आणून ठेवतो.

खरी फजिती होते ती दोन कार्डं एकदम वापरताना. समजा पंडवानीचं, म्हणजे महाभारताच्या कथागायनाचं, रेकॉर्डिंग आहे. हा कलाप्रकार तीजनबाईंनी जगभर पोचवला. त्यांचं गाव गनियारी भिलईजवळच, आणि त्या भिलईच्या कारखान्यात नोकरीलाही होत्या. गायिकेचा माइक एका स्वस्त कार्डावर घेतला आणि हार्मोनियम-ढोलकचा दुसऱ्यावर. दोन्हींवर सेकंदाला ४८,००० नमुने असं लिहिलेलं आहे. पण प्रत्येक कार्डाच्या आत स्वतःचा क्वार्ट्झ स्फटिक असतो आणि दोन स्फटिक अगदी एका वेगाने कधीच चालत नाहीत. दहा लाखांत ५० चा फरक धरा, स्वस्त मालात तो सहज असतो. दोन तासांच्या कार्यक्रमाअखेर ढोलकची थाप गाण्यापासून ०.३६ सेकंद दूर गेलेली असेल. लय बिघडायला तेवढं पुरे. प्युअर डेटात एकाहून अधिक उपकरणं निवडता येतात, पण निवडता आली म्हणून ती एका तालात चालतील असं नाही. मॅकवर अनेक कार्डांचं मिळून एक उपकरण बनवता येतं आणि घसरण सुधारायची खूणही तिथेच असते. विंडोजवरच्या आसिओ नावाच्या ध्वनिपद्धतीत प्रोग्राम सहसा एका वेळी एकाच ड्रायव्हरशी बोलतो. माझं मत विचाराल तर दोन स्वस्त कार्डांच्या नादी लागू नये, चार माइक घेणारं एकच घ्यावं. एका पेटीत एकच घड्याळ, वाद मिटला.

आणि कार्ड अचूक निवडूनही काही आवाज हाती लागत नाहीत. साउंड कार्डाच्या तोंडाशी असलेला कपॅसिटर फार मंद कंपनं अडवतो. मिनिटाला ६० फेरे घेणाऱ्या, पोलाद लाटणाऱ्या रोलचं मूळ कंपन सेकंदाला एक. ते पडद्यावर येणारच नाही, त्याला वेगळा सेन्सर आणि वेगळं कार्ड लागतं. वरच्या टोकाला सेकंदाला ४८,००० नमुन्यांत २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. भिलईत १३० मीटर लांबीचे सलग रूळ बनतात. रुळाच्या पोटातली भेग शोधणारी अल्ट्रासोनिक तपासणी मेगाहर्ट्झमध्ये चालते. तिथे यादीतलं कोणतंही कार्ड निवडा, शून्य काय नि चार काय, आलेख कोराच राहणार.