सहा मिनिटं, आठशे श्वास

शरद ऋतू उजाडला की आयर्लंडमध्ये पॉइंट-टू-पॉइंट शर्यतींचा, म्हणजे हौशी स्वारांच्या अडथळ्यांवरून होणाऱ्या घोडेशर्यतींचा, नवा मोसम सुरू होतो. कॉर्क परगण्यात मॅलो गावाजवळ ड्रोमाहेन आहे. तिथल्यासारख्या मैदानांवर येत्या मोसमातही गाड्यांच्या रांगा लागतील आणि घोडे ट्रेलरमधून उतरतील. दिवस बहुधा रविवारचा. शर्यती सहा-सात. घोड्यांवर बसणारे सगळे हौशी : कुणी शेतकरी, कुणी विद्यार्थी, कुणी आठवडाभर तबेल्यात राबणारा. स्वारीचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

एकेक शर्यत सहा-साडेसहा मिनिटांत आटोपते. चहाचा कप हातात घेऊन कठड्याशी उभं राहावं, तर चहा निवायच्या आत निकाल लागलेला असतो. पण त्या सहा मिनिटांत घोड्याच्या कातडीखाली जे घडतं, ते आकड्यांत मांडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. म्हणून मोसम सुरू होण्याआधीच हा हिशेब मांडून ठेवायला हवा.

मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत

या खेळाची सगळ्यात जुनी म्हणून सांगितली जाणारी शर्यत याच कॉर्क परगण्यातली. १७५२ साली कॉर्नेलियस ओ'कॅलहन आणि एडमंड ब्लेक या दोघांत पैज लागली. बटेव्हंटच्या चर्चपासून निघायचं आणि डोनरेलच्या चर्चचा मनोरा नजरेसमोर धरून तिथवर पोचायचं. अंतर साधारण साडेचार मैल, म्हणजे सात किलोमीटरच्या वर. वाट ठरलेली नव्हती. आडवे येतील ते दगडी गडगे, चर, ओढे आणि कुंपणं घोड्यासकट ओलांडायची. ड्रोमाहेन या गावांपासून फार लांब नाही.

आज शर्यत आखलेल्या मैदानावर फेऱ्या घालून होते. नेहमीचं अंतर तीन मैल, म्हणजे ४,८२८ मीटर. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर १९४३पासून होणारी इंडियन डर्बी २,४०० मीटरची असते, तेव्हा हे अंतर जवळपास तिच्या दुप्पट. पण डर्बीचं मैदान सपाट, आणि घोड्याच्या पाठीवर ५७ किलोंचं वजन. इथे स्वार आणि खोगीर मिळून सत्तर ते शहात्तर किलो, आणि वाटेत काटक्या-फांद्या ठासून बांधलेले पंधरा ते अठरा अडथळे. एकेक अडथळा सुमारे १.३ मीटर उंच, साधारण माणसाच्या छातीला लागणारा. सोळा अडथळे एकावर एक रचले तर उंची जवळपास एकवीस मीटर होते.

आता वेळ बघा. डर्बीला अडीच मिनिटांच्या आसपास लागतात. त्याच वेगाने दुप्पट अंतर तोडायचं तर पाच मिनिटं हवीत. पॉइंट-टू-पॉइंटचा घोडा पंधरा-वीस किलो जास्त घेऊन, पावसाने भिजलेल्या मऊ जमिनीवर, सोळा-सतरा उड्या मारत तेच अंतर सव्वासहा मिनिटांत कापतो. एवढ्या सगळ्या अडचणींची किंमत फक्त सव्वा मिनिट! सरासरी वेग निघतो ताशी ४६ किलोमीटर, आणि त्यात उड्याही आल्या.

हवेचा टँकर

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. सगळी हवा नाकपुड्यांतूनच आत-बाहेर करावी लागते. उभ्या घोड्याचे श्वास मिनिटाला दहा ते चौदा. भरधाव सुटल्यावर मात्र श्वास त्याच्या हातात उरत नाही, तो पावलांना बांधला जातो : एका झेपेला एक श्वास. पुढचे पाय जमिनीवर टेकले की हवा बाहेर आणि अंग ताणलं गेलं की हवा आत. अडथळ्यावरून जाताना ही लय तुटते आणि पलीकडे उतरल्यावर पहिल्या एक-दोन पावलांत पुन्हा जुळवून घ्यावी लागते.

या वेगाला सेकंदाला दोनहून थोड्या जास्त झेपा पडतात. सव्वासहा मिनिटांत सुमारे आठशे झेपा, म्हणून आठशे श्वास. एका श्वासात अंदाजे बारा लिटर हवा. गुणाकार केला तर साडेनऊ हजार लिटरच्या पुढे. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येणारा पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा असतो. तेवढी हवा एक जनावर दोन नाकपुड्यांतून सहा मिनिटांत खेचतं आणि सोडतं. शर्यतीत दहा घोडे असले तर कठड्यासमोरून असे दहा टँकर जातात.

दहा सेकंदांत सगळं रक्त

स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस ते चाळीस. शर्यतीत ती २२०च्या वर जाते. पाचशे किलोंच्या घोड्याचं हृदय चार-पाच किलोंचं असतं आणि पूर्ण भरात ते एका ठोक्याला लिटरभराहून जास्त रक्त पुढे ढकलतं. म्हणजे मिनिटाला सुमारे अडीचशे लिटर. अंगात रक्त असतं चाळीस-पन्नास लिटर. अंगातल्या सगळ्या रक्ताची एक फेरी दहा-बारा सेकंदांत पुरी होते. शर्यत संपेपर्यंत हृदयातून दीड हजार लिटर रक्त गेलेलं असतं आणि ठोके पडलेले असतात तेराशेच्या वर.

याहून नवल प्लीहेचं. घोडा स्वस्थ असताना तांबड्या पेशींचा मोठा साठा प्लीहेत पडून असतो. शर्यतीची चाहूल लागताच प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात सोडते. रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असतं, ते बघता बघता साठीच्या पुढे जातं. रक्त दाट होतं, पण प्राणवायू वाहायची ताकदही तेवढीच वाढते. जगातले तयारीचे धावपटू दर किलो वजनामागे मिनिटाला ऐंशी ते नव्वद मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतात. शर्यतीचा घोडा १६०च्या पुढे जातो. बाहेरून काही न घेता अंगातल्या अंगात रक्त बदलून घेण्याची ही सोय त्याला जन्मतःच मिळालेली आहे.

अंगातला जाळ

प्राणवायूच्या याच आकड्यावरून उष्णतेचा अंदाज बांधता येतो. पाचशे किलोंचा घोडा मिनिटाला ऐंशी लिटर प्राणवायू जाळतो असं धरलं, तर सव्वासहा मिनिटांत पाचशे लिटर होतात. एका लिटरमागे साधारण २० किलोज्यूल ऊर्जा, म्हणून एकूण दहा हजार किलोज्यूल. यातला पाचवा-चौथा हिस्सा धावण्याच्या कामी येतो, बाकी सगळी उष्णता. ती सगळी अंगातच कोंडली गेली तर शरीराचं तापमान साडेचार अंशांनी चढेल. एरवी घोड्याचं तापमान असतं ३८ अंश सेल्सियस.

ही उष्णता श्वासावाटे आणि घामावाटे बाहेर पडते. श्रमाच्या वेळी घोडा तासाला दहा-पंधरा लिटर घाम गाळू शकतो. म्हणूनच शर्यत संपल्यावर मोतद्दार बादल्या घेऊन धावत येतात. त्या गार पाण्यावर घोड्याचा जीव अवलंबून असू शकतो. थंडीच्या दिवसांत पाणी पडताच घोड्याच्या अंगातून वाफ उठते, ती याच जाळाची.

इंजिनांच्या जाहिरातींतली अश्वशक्ती ७४६ वॅटची. घोडा दिवसभर न थकता किती काम रेटू शकेल, याच्या अंदाजावर जेम्स वॉटने ते माप बसवलं. पण थोड्या वेळापुरता जोर लावायचा असेल तर एकटा घोडा पंधरा अश्वशक्तींच्या आसपास पोचतो, असं १९९३ साली मांडलं गेलं. अडथळ्याआधीच्या शेवटच्या दोन पावलांत दिसतो तो हाच जोर.

अंगठ्याएवढ्या दोरीवर

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा आणि कातडी, एवढंच. भरधाव वेगात पुढच्या एका पायावर क्षणभर येणारा भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. पाचशे किलोंचा घोडा आणि वर सत्तर किलो. म्हणजे एका खुरावर एक टनाहून अधिक, जेमतेम एक दशांश सेकंद. आणि हे शर्यतभरात आठशे वेळा, पुढच्या प्रत्येक पायाला.

हा भार झेलते ती पायाच्या मागच्या बाजूची कंडरा, माणसाच्या अंगठ्याएवढ्या जाडीची. प्रत्येक पावलाला ती रबरासारखी ताणली जाते आणि परत आखडते. त्यातून पुढच्या पावलाला लागणारी बरीचशी शक्ती फुकट परत मिळते. पण ताणण्या-आखडण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. धावत्या घोड्यांच्या कंडरेच्या गाभ्यात ४५ अंश सेल्सियस तापमान मोजलं गेलं आहे. शर्यतीत ही कंडरा तुटण्याच्या मर्यादेपासून फार थोड्या अंतरावर काम करत असते.

म्हणून शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यात आधी वैरण टाकत नाहीत, आधी पाय बघतात. माणूस घोड्याशेजारी उकिडवा बसतो आणि तळवा गुडघ्यापासून खाली सावकाश फिरवतो. एका पायाची ऊब दुसऱ्याशी ताडून बघतो. कुठे तसूभर सूज, कुठे जरा जास्त गरम. तेवढं हाताला लागलं तर घोड्याचा मोसम तिथेच थांबतो.

दीड सेकंदाचा निर्णय

स्वाराच्या वाट्याला येणारा वेळ बघा. घोडा सेकंदाला तेरा मीटर जातो. अडथळा तीन झेपांवर आला की हातात दीड सेकंदही उरत नाही. तेवढ्यात ठरवायचं : घोड्याला पुढे घालायचं की आखडून धरायचं. शेजारचा घोडा तिरका येतोय का, पुढचा पडलाय का, हेही तेवढ्यातच. असे पंधरा-अठरा निर्णय, आणि सगळे पैशाविना.

त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे आयर्लंड विसरलेलं नाही. लिमरिकचे जे. टी. मॅकनमारा हौशीच राहिले आणि पॉइंट-टू-पॉइंटमध्ये त्यांनी सहाशेहून जास्त शर्यती जिंकल्या. मार्च २०१३मध्ये चेल्टनहॅमच्या शर्यतीत ते घोड्यावरून पडले आणि अपंग झाले. २०१६ साली ते गेले. डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर असल्याशिवाय शर्यत सुटत नाही, या नियमामागे अशी माणसं आहेत.

हौशी म्हणजे कच्चे, असं मात्र कुणी समजू नये. ग्रँड नॅशनल ही सव्वाचार मैलांची, तीस अडथळ्यांची शर्यत जगातल्या सगळ्यात खडतर शर्यतींत गणली जाते. २०२२ साली ती सॅम वेली-कोहेन यांनी नोबल येट्सवर जिंकली आणि २०२५ साली पॅट्रिक मलिन्स यांनी निक रॉकेटवर. दोघेही हौशी. २०२१ साली ही शर्यत जिंकणारी पहिली स्त्री रेचल ब्लॅकमोर, तिचीही सुरुवात याच पॉइंट-टू-पॉइंटच्या मैदानांवरून झाली.

सेकंदाला दीड हजार पौंड

शेवटचा हिशेब पैशाचा. अशा शर्यतीत विजेत्याला मिळणारं बक्षीस मोठ्या शर्यतींच्या तुलनेत नगण्य असतं. महिनाभराची वैरण, नाल आणि पशुवैद्याचं बिल भागलं तरी पुष्कळ. पण त्याच गवतावर खरेदीदार वही घेऊन उभे असतात. आयर्लंडमध्ये दरवर्षी थरोब्रेड या शर्यतीच्या घोड्यांच्या जातीची सुमारे नऊ हजार शिंगरं जन्मतात, आणि त्यांतलं उड्या मारणारं सोनं कुठलं हे अशाच मैदानांवर कळतं. २००२ ते २००४ अशी लागोपाठ तीन वर्षं चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकणारा बेस्ट मेट आयर्लंडच्या पॉइंट-टू-पॉइंटमधूनच पुढे आला.

२०२० साली जाँबाँ नावाच्या चार वर्षांच्या घोड्याने ड्रोमाहेनची शर्यत जिंकली. लगेचच्या लिलावात तो ५,७०,००० पौंडांना विकला गेला, तेव्हाच्या दराने साडेपाच कोटी रुपयांच्या पुढे. हा भाव आला तो त्या एका शर्यतीनंतर. ती सव्वासहा मिनिटांची धरली तर सेकंदाला दीड हजार पौंड पडले. पुढे त्याने अव्वल दर्जाच्या अनेक शर्यती जिंकून तो भाव सार्थही केला.

पण हौस माणसाची असते. घोड्याच्या शरीरात हौशी आणि धंदेवाईक अशा दोन वह्या नाहीत. बक्षीस तुटपुंजं म्हणून त्याची कंडरा कमी तापत नाही की हृदय कमी रक्त फेकत नाही. ज्या स्वाराला हे उमगलंय तो घोडा दमला की शेवटच्या दोन अडथळ्यांआधी लगाम खेचून बाजूला घेतो. निकालाच्या यादीत त्याच्या नावापुढे क्रमांक पडत नाही. तरीही त्या दिवसातली ती सगळ्यात शहाणी स्वारी असते, आणि तिची दाद द्यायला प्रेक्षकांनी शिकलं पाहिजे.

म्हणून यंदा कुणी अशा शर्यतीला जाणार असेल तर एवढं जरूर करा. विजयाची रेषा ओलांडली गेली की बुकीच्या रांगेकडे वळू नका. खोगीर उतरवतात तिथे जा आणि शेवटून आलेल्या घोड्याच्या नाकपुड्या बघा. घड्याळ लावून श्वास मोजा. पाणी कोण आणतं, पाय कोण चाचपतं, तेही बघा. आयोजकांची पारख करायची असेल तर विजेत्याच्या करंडकापेक्षा त्या सातव्या-आठव्या घोड्याला किती बादल्या पाणी मिळालं, ते मोजा.