नाव आणि नाम : व्यापाऱ्याने जपावयाचा भेद

घरी पाहुणे येणार असले, की चहा थर्मासमध्ये भरून ठेवला जातो. तो थर्मास कोणत्या कारखान्यातला, असे कोणी विचारीत नाही. उष्णता टिकविणारे तसे प्रत्येक भांडे आपल्या लेखी थर्मासच. वस्तुतः हा शब्द एके काळी एकाच कंपनीच्या मालाचे नाव होता. त्या कंपनीचे नाव तिच्या हातून कसे निसटले, हे व्यापारी कुटुंबांनी जाणून घेण्यासारखे आहे.

शाळेत शिकलेले व्याकरण येथे उपयोगी पडते. एका जातीच्या सर्व वस्तूंना लागू पडते ते सामान्यनाम. त्यांपैकी एकीचीच ओळख पटविते ते विशेषनाम. नदी हे सामान्यनाम, गोदावरी हे विशेषनाम. तीर्थंकर हे सामान्यनाम, महावीर हे विशेषनाम. देवनागरीत लहान व मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे हा भेद आपण अर्थावरून ओळखतो. इंग्रजीत मात्र तो डोळ्यांना दिसतो. विशेषनाम वाक्यात कोठेही आले, तरी त्याचे आद्याक्षर मोठे असते. ‘बँकेत गेलो’ असे लिहिताना बँक लहान अक्षराने. पण एखाद्या बँकेचे पूर्ण नाव लिहिताना तोच शब्द मोठ्या अक्षराने. वार, महिने, भाषा व धर्म यांची नावे मोठ्या अक्षराने, ऋतूंची लहान. ‘माझे वडील’ यातील वडील लहान अक्षराने, परंतु नावाला जोडून आलेली पदवी मोठ्या अक्षराने.

एवढ्याशा अक्षराचे मोल केवढे, हे अमेरिकेतील एका खटल्यात दिसले. थर्मॉस बाटली बनविणाऱ्या किंग-सीली कंपनीने अल्लादिन इंडस्ट्रीज या प्रतिस्पर्धी कंपनीस तो शब्द वापरण्यास हरकत घेतली. 1963 मध्ये अपील न्यायालयाने निर्णय कायम केला, की लोकांच्या बोलण्यात हे आता सामान्यनाम झाले आहे. प्रतिस्पर्ध्यास तो वापरण्याची मुभा मिळाली. मात्र त्याआधी स्वतःचे नाव लावावे आणि आद्याक्षर लहानच ठेवावे, अशी अट होती. मोठे अक्षर मूळ कंपनीकडे राहिले, शब्द मात्र सर्वांचा झाला. याचे एक कारण कंपनीच्याच घरातले होते. आरंभीच्या काळात तिने स्वतःच्या जाहिरातींतून हा शब्द वस्तूचे नाव म्हणून घरोघरी रुजविला होता. एस्केलेटर या नावावरचा हक्कही त्याच देशात 1950 मध्ये असाच गेला.

आपल्याकडील व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 यातही हाच विचार आहे. मालाचा केवळ प्रकार, गुण वा उगमस्थान सांगणारा शब्द, किंवा व्यापारात सर्रास रूढ झालेला शब्द, सहसा एकट्याच्या नावे नोंदविता येत नाही. ‘शुद्ध तूप’ हे शब्द कोणा एका दुकानाचे कसे होतील? दीर्घ वापराने लोकांच्या मनात तो शब्द एकाच पेढीशी जोडला गेला असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणून नवी पाटी रंगविण्यापूर्वी घरातील मंडळींनी एकत्र बसून विचारावे, ‘हे नाव आपले आहे, की मालाचे?’ नाव ठरल्यावर बिलावर, खोक्यावर व जाहिरातीत ते एकाच पद्धतीने लिहावे. इंग्रजीत त्याचे आद्याक्षर नेहमी मोठे ठेवावे. नावापुढे मसाला, कापड, साबण असे मालाचे सामान्यनाम न चुकता जोडावे आणि नावाचे अनेकवचन करू नये. आपणच नावाला वस्तूचे नाव केले, तर ग्राहकाला दोष कसा द्यावा?

वाडवडिलांनी सचोटीने मिळविलेले नाव सर्वतोमुखी व्हावे, ही प्रत्येक पेढीची इच्छा असते. ती रास्तच आहे. मात्र ते नाव उच्चारताच लोकांना वस्तूबरोबर पेढीही आठवली पाहिजे. नुसती वस्तूच आठवू लागली, तर पिढ्यांची ती कमाई शेजारच्या दुकानाच्याही कामी येऊ लागते.