सहलीचा हिशेब ताटापासून

दिवाळीची सुट्टी आणि पाठोपाठ येणारी थंडी म्हणजे वेरूळ-अजिंठ्याचे दिवस. शाळांच्या सहली, निवृत्त मंडळींचे गट, चार माणसांची कुटुंबे, सगळ्यांची पावले तिकडे वळतात. याच दिवसांत माझ्या दवाखान्यात सहलीहून परतलेल्यांचीही गर्दी होते. कुणाला जुलाब, कुणाला लघवीची जळजळ, तर कुणाला चार दिवस न हटणारा थकवा. विचारपूस केली की बहुधा एकच गोष्ट कळते. गाडी, लॉज आणि तिकिटांचा हिशेब आधी मांडलेला असतो आणि खाण्यापिण्यासाठी उरतील ते पैसे ठेवलेले असतात. वाटेत पैसे कमी पडू लागले की कात्री पोटाला लागते.

वाचकहो, हा क्रम उलटा करा. आधी जेवणे मोजा. चार माणसे दोन दिवस फिरणार म्हणजे आठ न्याहाऱ्या, आठ दुपारची आणि आठ रात्रीची जेवणे, एकूण चोवीस ताटे. त्यांपैकी दुपारची आठ घरच्या शिदोरीतून भागली, तर विकत घ्यायची सोळाच उरतात. लॉज ठरवतानाच तिथल्या न्याहारीचा व थाळीचा दर विचारून घ्या आणि सोळा ताटांचा गुणाकार करा. त्यात पाण्याचे पैसे मिळवा. वर थोडी रक्कम औषधपाण्यासाठी वेगळ्या पाकिटात ठेवा. एवढे झाल्यावर उरेल त्यात गाडी आणि खरेदी बसवा.

न्याहारी वगळून पैसे वाचवण्याचा मोह अनेकांना होतो. माझ्याकडे नेहमी येणारे एक निवृत्त शिक्षक मधुमेहाची गोळी घेतात. अजिंठ्याला त्यांनी सकाळची गोळी घेतली, पण हॉटेलातले दर पाहून ‘आता एकदम दुपारीच जेवू’ असे ठरवले. पायऱ्या चढताना त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले. रक्तातली साखर उतरली होती. सोबतच्या एका बाईंच्या पर्समध्ये साखरेची पुडी होती, म्हणून प्रसंग निभावला. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि मग काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखाना गाठावा. मधुमेह्यांनी आणि वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला उपाशीपोटी जाणाऱ्यांनी आपल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आता शिदोरीविषयी. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची किंवा तिळाची कोरडी चटणी, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू हे स्वस्त, पोटभरीचे आणि न विटणारे पदार्थ. दशम्या-धपाटे मात्र पहिल्याच दिवशी संपवावेत. दुसऱ्या दिवसाच्या दुपारसाठी लाडू, फुटाणे, चिवडा आणि सोबत केळी ठेवावीत. ओली भाजी, शिजवलेला भात, बटाटेवडे डब्यात भरून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. असे अन्न दोन तासांत, कडक उन्हात तर तासाभरातच, धोक्याचे होते. फळ घ्यायचे ते अख्खे घेऊन स्वतः सोलावे. दौलताबाद-वेरूळच्या वाटेवर हंगामात सीताफळे आणि पेरू भरपूर मिळतात. कापून ठेवलेली फोड आणि बर्फ घातलेला रस दिसायला स्वस्त, पण दुखणे झाले तर महागात पडतो.

अजिंठ्याला आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला सोडून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. शिदोरी गाडीतच राहिली तर ती चार किलोमीटर मागे राहते आणि मग जो मिळेल तो पदार्थ, पडेल त्या दरात घ्यावा लागतो. म्हणून दुपारचा डबा सोबत न्यावा, पण लेण्यांत काही खाऊ नये. चढण्यापूर्वी किंवा उतरल्यावर खाली बसून खावे. दोन्हीकडे माकडे आहेत, तेव्हा पिशवी बंद असावी.

चालण्याच्या दिवशी मोठ्या माणसाला दोन ते तीन लिटर पाणी लागते. म्हणजे चौघांना दहा लिटर धरून चाला. लॉजवरून शुद्ध पाण्याचा जार भरून गाडीत ठेवला आणि त्यातून बाटल्या भरल्या, तर बराच खर्च वाचतो. दुकानदाराला सीलबंद बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागता येत नाहीत. हॉटेलात बसून मागवलेल्या बाटलीला मात्र ते बंधन नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल आहे. तेव्हा बाटली दुकानातूनच घ्यावी. अनेक भगिनी स्वच्छतागृहाच्या काळजीने दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीच्या जळजळीचे हे मोठे कारण आहे. तिकीटघराजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन मगच लेणी पाहायला निघावे आणि पाणी पीत राहावे.

दिवसही नीट निवडावा. सोमवारी अजिंठा बंद असते आणि मंगळवारी वेरूळ. चुकीच्या वारी पोहोचलात तर मुक्काम वाढतो आणि चौघांची बारा ताटेही वाढतात.

मात्र सगळेच वाचवू नका. संभाजीनगरात एका संध्याकाळी गर्दीच्या, ताजे अन्न संपत राहणाऱ्या ठिकाणी मनासारखे जेवा. मांसाहारी मंडळींनी गरम नान-खलिया जरूर खावा. ही चैन हिशेबात आधीच लिहिलेली असली की जड जात नाही.

त्या वेगळ्या पाकिटातून क्षारसंजीवनीच्या चार पुड्या घ्या. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. जुलाब सुरू होताच हे पाणी घोट घोट देत राहावे. शौचावाटे रक्त पडले, उलटीमुळे पाणीही टिकेना किंवा लघवी अगदी कमी झाली, तर उरलेली लेणी पुढच्या खेपेला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.